रोवणी

सकाळी आठ, रात्री आठ. लालबर्र्यातल्या आमच्या घराचा दिवस टॅक्रोलिमसच्या कॅप्सुलीवर चालतो. आईची किडनी माझ्या पोटात आली, त्याला आता चौथं वर्ष. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये, यासाठी हे औषध प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. वॉर्डात मी खचलो होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "धानाचे परहे दुसऱ्या बांधीत रोवले की आधी पिवळे पडतातच, बाबू. मुळं धरू दे."

गेल्या श्रावणात तीन दिवस जुलाब लागले. औषध अंगी लागलंच नसणार, या धास्तीने मी एक कॅप्सूल जास्तीची काढली. बायकोने हात धरला, डॉक्टरांना फोन लावला. सकाळच्या डोसाआधी रक्त दिलं, तर टॅक्रोलिमसची लेव्हल वर गेलेली. बोटांना सुटलेला कंप त्याचाच होता. आतड्याच्या अस्तरात हे औषध मोडणारी विकरं असतात, शिरलेलं औषध परत ढकलणारे पंपही असतात. अस्तर दुखावलं की हा पहारा ढिला पडतो आणि औषध रक्तात जास्त उतरतं. जास्त झालं की ते किडनीलाच इजा करतं. आईच्या किडनीला. ती कॅप्सूल आठवली की अजून अंगावर काटा येतो.

तेव्हापासून आतड्याबद्दल मिळेल ते वाचतो. न्यूयॉर्कमध्ये किडनी बदललेल्या १९ जणांचा एक अभ्यास २०१५ साली छापून आला. पहिल्याच महिन्यात ज्या पाच जणांचा टॅक्रोलिमसचा डोस निम्म्याने किंवा त्याहून जास्त वाढवावा लागला, त्यांच्या आतड्यात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचे जिवाणू बरेच जास्त होते. पुढे २०१९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की हे जिवाणू टॅक्रोलिमस मोडून त्याचं फार कमी ताकदीचं रूप करतात. माणसं थोडी, आणि डोस जनुकांवरही ठरतो. म्हणून मी यावरून औषधात काही बदलत नाही. पण हे जिवाणू वैरी नव्हेत. भाजी-डाळीतल्या चोथ्यावर ते जगतात, आतड्याच्या अस्तराला पोसतात. त्यांना परकं कसं म्हणू?

आणि औषध तरी कुठलं? १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. त्याच्याच कुळातले जिवाणू पहिल्या पावसात मातीला वास देतात.

त्या मातीत उतरायला मला मनाई आहे, बुरशीच्या भीतीने. रोवणीच्या दिवसांत मास्क लावून मी धुऱ्यावर उभा राहतो. आई चिखलात वाकलेली असते, हातात परह्यांची जुडी. मान वर न करता विचारते, "आठ वाजले का रे?"