काकांची सायकल

“साहेब, घसा खवखवतोय,” एवढंच काका म्हणाले होते. मी त्यांना कोमट पाणी प्यायला सांगितलं. शिफ्ट संपल्यावर ते सायकलनं घरी गेले. रात्री दोनला त्यांच्या मुलाचा फोन आला, “बाबांना श्वास घेता येत नाहीये.”

आमच्या कारखान्यात सुटे भाग टीसीईनं, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीननं, धुतले जात. त्या टाकीपासून पंधरा फुटांवर काका वेल्डिंग करत. ती जागा मीच ठरवली होती. “टाकीचा वास इथवर येतो, साहेब,” असं त्यांनी आधीही सांगितलं होतं. तेव्हा टीसीईच्या वाफेपासून आर्कजवळ फॉस्जीन हा विषारी वायू होईल का, हे पाहायला मी फळ्यावर समीकरण मांडलं. फॉस्जीन तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढलं की समतोल उलटा सरकतो. साधारण 200 अंशांपुढे त्याचं कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीनमध्ये विघटन होऊ लागतं. वेल्डिंगचा आर्क तर हजारो अंशांवर; तिथे फॉस्जीन टिकणार कसं? समीकरण बरोबर होतं. मी ते चुकीच्या जागी लावलं होतं.

काका आर्कच्या पोटातली हवा घेत नव्हते, आर्कभोवतीची घेत होते. आर्कचे अतिनील किरण त्या हवेतल्या टीसीईच्या वाफेवर पडत होते. ऑक्सिजनच्या साथीनं तिथे हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन तयार होत होतं, आणि तिथल्या तापमानाला फॉस्जीन मोडत नव्हतं. जॉन डेव्हीनं 1812 मध्ये फॉस्जीन सूर्यप्रकाशाच्या मदतीनं बनवला. ‘प्रकाशातून जन्मलेला’ हाच त्याच्या नावाचा अर्थ. हे मला पाठ होतं, तरी मी फक्त उष्णतेचा विचार केला.

दुसरी चूक अधिक गंभीर. हायड्रोजन क्लोराइड घशाला लगेच झोंबतं. फॉस्जीन मात्र फारसा इशारा न देता फुफ्फुसात खोल उतरतं. तिथे पाणी साचायला काही तास, कधी संपूर्ण दिवसही लागतो, आणि त्या काळात अंगमेहनत घातक ठरते. ज्या माणसाला श्रम न करू देता दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्याला मी सायकल मारत जाऊ दिलं.

काका नऊ दिवसांनी दवाखान्यातून घरी आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, “मी सांगत होतो, तेव्हा ऐकायचं होतं.”

आता टीसीई बंद आहे. भाग साबणाच्या गरम पाण्यानं धुतो. वेल्डिंगवरचा कुणी घसा खवखवतोय म्हणाला, तर त्याला गाडीत बसवून दवाखान्यात नेतो. सायकलला हात लावू देत नाही.