थंड हवेतला कुबटपणा

मीरा-भाईंदरमधल्या काशीमीऱ्याला पावसाळ्यात चहूअंगांनी ओल येते. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला भाईंदरची मिठागरं, उत्तरेला वसईची खाडी आणि मधून अहमदाबाद महामार्गाची अखंड वर्दळ. जुलैत मिठागरांचं काम थांबलेलं असतं, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढुरकी बुरशी चढते. दिवसभर बंद असलेल्या घरात रात्री एसी लावला, की पहिल्याच झोताबरोबर कुबट वास खोलीभर पसरतो.

अशा वेळी पहिला हात जातो सुगंधी फवाऱ्याकडे. वास घटकाभर दबतो. एसीतली बुरशी मात्र जागची हलत नाही.

मुळात एसी जन्मला तोच ओलीशी लढायला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई जुळेना. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढून घेतलं. आजचा स्प्लिट एसीही तेच करतो. गार कॉइलला दमट हवा लागली, की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. दमट रात्री दीड टनाचा एसी तासाभरात लिटरभर पाणी सहज काढतो. ते कॉइलवरून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून पाइपाने बाहेर जातं. पण रिमोटचं बटण दाबून एसी बंद केला, की कॉइल तशीच ओली राहते. वर अंधार, फिल्टरमधून निसटलेली धूळ, माणसांच्या त्वचेचे बारीक कण! बुरशीला आणखी काय हवं?

एसीवाला पुढचं झाकण काढून ब्लोअर बाहेर ओढतो तेव्हा हे सगळं डोळ्यांना दिसतं. लांबट नळकांडं, त्याला अरुंद पात्यांच्या ओळी आणि प्रत्येक पात्याच्या कडेला काळपट, ओलसर थर. बोट फिरवलं तर काजळीसारखा लागतो. खालच्या ट्रेमध्ये बुळबुळीत गाळ. घरचे दर पंधरवड्याला इमानाने फिल्टर धुतात आणि तरीही वास येतो, तो या ब्लोअरमुळे. खोलीतली सगळी हवा त्याच पात्यांमधून फिरत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अशा घरांत दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका वाढतो, असं ती सांगते. पाळण्यातलं बाळ किंवा दमेकरी आजी ज्या खोलीत झोपते, तिथला हा वास ‘पावसाळ्यात असायचाच’ म्हणून सोडून देणं बरं नव्हे.

उपाय साधा आहे. बंद करण्याआधी अर्धा तास एसी नुसत्या फॅन मोडवर चालवावा, म्हणजे कॉइल सुकते. ड्राय मोडने हे होत नाही, कारण तो खोली कोरडी करतो आणि कॉइल पुन्हा भिजवतो. फिल्टर धुतल्यावर खडखडीत वाळवूनच बसवावा. कॉइलवर ब्लीच किंवा अ‍ॅसिड मारू नये; अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खराब होतात. वास गटारासारखा असेल, तर एसीचा पाइप न्हाणीघराच्या सांडपाण्याला थेट जोडलेला आहे का, ते बघावं. आणि कुबट वासावर कुणी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणावं. या वासाचा गॅसशी काही संबंध नसतो.

मार्चमध्ये एकदा सर्व्हिस उरकायची आणि वर्षभर विसरून जायचं, ही रीत मीरा-भाईंदरच्या हवेला पुरत नाही. पाऊस सरला, की ऑक्टोबरात आणखी एक सर्व्हिस करून घ्या, ब्लोअर काढून धुवायला सांगा आणि तो परत बसवण्याआधी स्वतः बघा.