सोपाऱ्याची गलबते

चातुर्मासातील एका व्याख्यानात महाराजसाहेबांनी सोपारक नगरीची कथा सांगितली. दीर्घ दुष्काळ पडला होता. जिनदत्त श्रावकाच्या घरी लाख मोलाचे अन्न शिजले. त्यात विष कालवून सहकुटुंब देह ठेवायचा, असे ठरले होते. तोच आर्य वज्रसेन गोचरीस आले व म्हणाले, उद्या सुकाळ होईल. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदरास लागली. जिनदत्ताच्या चारही पुत्रांनी दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर ही कुळे त्यांच्याच नावांची.

ते सोपारक म्हणजे आपले नालासोपारा. करी रोडहून दादरला गाडी बदलून मी तेथे गेलो. बंदर गाळाने केव्हाच बुजले आहे. बुरुड राजाच्या कोटातील स्तूप मात्र आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. त्यातील करंडक एशियाटिक सोसायटीत आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना याच गावी सापडला.

स्तूपापाशी बसलो असता वडिलांचे दुकान आठवले. १९८२ च्या संपात ते गिरणी कामगारांना उधारीवर धान्य देत. मी नुकताच बँकेत लागलो होतो. "ही खाती बुडणार," असे मी रागाने म्हणे. "आजची चूल तर पेटू दे," एवढेच ते म्हणत. काही खाती खरोखरच बुडाली.

ती वही अजून घरी आहे. परतल्यावर उघडली. एकाही नावावर वडिलांनी काट मारलेली नव्हती.