अजून न लागलेली पानं

पोकरमध्ये हातात दोन एक्के आले की फार विचार करावा लागत नाही, आणि सत्ती-दुर्री आली की टाकून द्यायची. डोकं खातात ते मधले पत्ते. आत्ता हातात काहीच नाही, पण पुढचं एक पान मनासारखं पडलं तर सगळं आहे. रमी खेळणाऱ्यांना ही अवस्था चांगलीच ठाऊक असते. फरक इतकाच, की नो-लिमिट होल्डममध्ये पानाची वाट बघण्याची किंमत समोरचा ठरवतो. आणि वाट न बघता पुढ्यातले सगळे पैसे लावायची मुभा आपल्याला कधीही असते.

गेल्या वर्षीचा एक डाव सांगतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर १००-२०० ब्लाइंडचं टेबल होतं. माझ्याकडे बदामाची दश्शी आणि बदामाची नव्वी. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं: बदामाचा गुलाम, बदामाची अठ्ठी, किलवरची दुर्री. पॉटमध्ये ३,००० रुपये. समोरच्या गृहस्थांनी २,००० लावले. माझ्यापुढे १४,००० होते, त्यांच्याकडेही साधारण तेवढेच.

या घडीला माझ्याकडे साधी जोडीसुद्धा नाही. पण उरलेल्या नऊ बदामांपैकी कोणतंही आलं तर फ्लश. बदाम सोडून तीन राण्या आणि तीन सत्त्या उरतात, त्यातली एक आली तर सरळ क्रम. एकूण पंधरा पानं. मला न दिसलेली पानं ४७. म्हणजे पुढच्या एका पानावर ३२ टक्के, आणि शेवटची दोन्ही पानं बघायला मिळाली तर ५४ टक्के. हातात काही नसलेला माणूस गुलामाची जोडी असलेल्यापेक्षा पुढे असतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर दोनदा गुणाकार करून पाहिला होता.

टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. ७,००० च्या पॉटसाठी २,००० भरायचे म्हणजे २९ टक्के पुरतात, आणि ३२ तर एकाच पानावर होते. प्रश्न होता तो कॉल करायचं की सगळे लावायचे.

कॉल शांत वाटतो, पण त्याला दोन अडचणी आहेत. तिसरं बदाम पडलं तर ते समोरच्यालाही दिसतं आणि तो पैसे घालायचं थांबवतो. काहीच पडलं नाही आणि त्याने उरलेले १२,००० लावले, तर मला जवळपास ३९ टक्के हवेत आणि माझ्याकडे ३३ असतात. म्हणजे दुसरं पान न बघताच उठायचं. ५४ टक्क्यांचा आकडा दोन्ही पानं बघणाऱ्यासाठी आहे, आणि सगळे पैसे आत गेले की ती दोन्ही पानं बघण्यापासून मला कुणी अडवू शकत नाही.

सगळे लावण्यात आणखी एक गोष्ट मिळते: समोरचा पत्ते टाकू शकतो. डेव्हिड स्क्लान्स्कीने या प्रकाराला सेमी-ब्लफ हे नाव रूढ केलं. थाप तर आहे, पण पकडली गेली तरी सुटायची वाट असलेली. मी मुद्दाम वाईट बाजूने हिशेब केला. समजा, ते फक्त तीन सारखी पानं असतानाच कॉल करतील. मग माझे ५४ टक्के घसरून ४० च्या आसपास येतात, कारण माझा क्रम लागला तरी त्यांचं फुल हाउस होऊ शकतं. ३१,००० च्या पॉटमधले ४० टक्के म्हणजे १२,४००. घातले १४,०००. तोटा १,६००. पण तीनातून एकदा जरी ते टाकत असतील, तर तेव्हा ५,००० तसेच मिळतात, आणि सरासरी सहाशेच्या आसपास फायद्यात राहते.

ते टाकतील का, हे मात्र गणित सांगत नाही. तासाभरात हे गृहस्थ दोनदा मोठ्या रकमेपुढे बऱ्यापैकी पत्ते दाखवून बाजूला झाले होते. ते कधीच न टाकणारे असते, किंवा दोघांपुढे लाख-लाख रुपये असते, तर मी कॉलच केला असता. पाच हजारांसाठी लाख लावण्यात अर्थ नसतो.

मी सगळे लावले. त्यांनी बराच वेळ घेतला आणि कॉल केला. हातात दोन अठ्ठ्या. चौथं पान किलवरची सत्ती, माझा क्रम लागला. पाचवं चौकटची दुर्री, त्यांचं फुल हाउस. चौदा हजार गेले. पुन्हा तेच पत्ते आणि तोच माणूस समोर आला तर मी पुन्हा तेच करीन.

हे लिहिताना वडील आठवतात. पगाराच्या दिवशी ते तीन पत्ती खेळत, ब्लाइंड चाल चालत, आणि रात्री घरी येऊन ‘आज पानं लागली नाहीत’ एवढंच सांगत. आई डबे करायची, त्यावर उरलेला महिना निघायचा. मी पोकर खेळतो म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला दिसतं, आणि टक्केवारी सांगून ते जात नाही. जावं अशी अपेक्षाही नाही. कारण ५४ टक्के खरे व्हायला असे शेकडो डाव लागतात. वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्याला आयुष्यात असे किती मिळणार? वर प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढून घेतो, तो मी वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. तेव्हा गणित येतं म्हणून मी जुगार खेळत नाही, असं म्हणणं खोटं होईल.

मी एवढंच करतो, की पुण्याहून निघतानाच वीस हजार वेगळे काढतो आणि कार्ड खोलीवर ठेवून बोटीवर चढतो. ठरवून लावणं आणि लावून झाल्यावर कारण शोधणं यात काही फरक आहे का, हे मला बघायचं असतं. वडिलांकडे पहिलं कधी दिसलं नाही. ते वेगळं वागू शकले असते का, याचं उत्तर मला एका बोटीवर मिळणार नाही हेही कळतं.

परतल्यावर आईचा फोन आला. किती गेले ते मी सांगितलं. थोडं थांबून तिने विचारलं, “ठरवलेलेच ना?”

“ठरवलेलेच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिकडे पाऊस होता का ते विचारू लागली.