जेकबची शिडी

इंग्रज माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही, अशी त्याची जगभर ख्याती आहे, आणि ती बरीचशी खरीही आहे. आगगाडीत तो तुमच्या समोर बसेल, त्याचा बूट तुमच्या बुटाला लागेल, तो ‘सॉरी’ म्हणेल आणि पुढचा तासभर खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत राहील. पण हाच माणूस जाड तळव्यांचे बूट चढवून डोंगरवाटेला लागला, की त्याच्या स्वभावात चमत्कारिक पालट होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘मॉर्निंग’ म्हणतो, आणि वर वारा कसा आहे हे न विचारता सांगतो. मात्र मागून सायकलचा खडखडाट ऐकू आला, की याच प्रेमळ माणसाचा चेहरा असा काही होतो, की वाचकहो, भाडे थकलेल्या बिऱ्हाडकरूकडे बघणारा जुन्या वाड्याचा मालक आठवावा!

डोंगरवाटेवरच्या या भांडणाची हकीकत मला सांगायची आहे. भांडण साता समुद्रापलीकडचे खरे, पण ते मी आमच्याच घरात पाहिले.

मँचेस्टर आणि शेफील्ड ही इंग्लंडातली दोन जुनी कारखानदारीची शहरे. एक कापडाचे, दुसरे पोलादाचे. त्यांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ आणि जीपगाड्या येतात. इथे तसले काही नाही. इथे गावे आहेत, कुरणे आहेत, चुन्याशिवाय रचलेली दगडी कुंपणे आहेत आणि वाघाच्या जागी मेंढ्या आहेत. बरीचशी जमीन खाजगी मालकीची. पण तिच्यातून जाणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या वाटा मात्र सर्वांच्या.

माझी ताई मँचेस्टरला राहते. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा घरात एक अघोषित तह चालू असल्याचे दुसऱ्याच दिवशी ध्यानात आले. भाऊजी पट्टीचे चालणारे. तीस वर्षे दर रविवारी ते डोंगरात पायी हिंडत आले आहेत. माझा भाचा डोंगरी सायकलवाला. रुंद टायरांची, पुढे मागे स्प्रिंगा असलेली त्याची सायकल आपल्याकडच्या मोटारसायकलीच्या किमतीची आहे. दोघांचा डोंगर एकच, रविवारही एकच. पण बापलेक गेल्या दीड वर्षात एकत्र डोंगरावर गेले नव्हते. दीड वर्षापूर्वी उतारावर मागून आलेल्या कुणा सायकलस्वारामुळे भाऊजी दचकले, पडले आणि त्यांचे मनगट दुखावले. तो सायकलस्वार कोण हे आजवर कळलेले नाही. पण भाऊजींनी तेव्हापासून सगळ्या सायकलवाल्यांना एकाच पिंजऱ्यात उभे केले होते, आणि त्या पिंजऱ्यात चिरंजीवही आले.

“मामा, तू काहीतरी कर,” भाचा म्हणाला. मी काय करणार? मी एवढेच म्हटले, की मला किंडर स्काउटचा डोंगर बघायचा आहे आणि दोघांनीही सोबत आले पाहिजे. अखेर असे ठरले, की भाऊजींनी व मी एडेल गावाकडून पायी चढायचे, भाच्याने पलीकडच्या हेफील्ड गावाकडून सायकलने यायचे आणि माथ्यावरच्या खिंडीत भेटायचे. आमच्या घराण्यातली लग्नेसुद्धा इतक्या वाटाघाटींनी जमलेली नाहीत.

एडेल हे आगगाडीचे चिमुकले स्टेशन. उतरले की समोरच किंडरचे पठार आडवे पसरलेले दिसते. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण वर वारा असा, की उंचीचा हिशेब तो लगेच चुकता करतो. फाटकाफाटकांवर रंगीत बाण होते. भाऊजींनी मला त्यांचा अर्थ समजावून दिला. पिवळा बाण म्हणजे पायवाट. तिथे फक्त पायी चालायचे. निळा बाण म्हणजे घोडेवाट. तिथे पायी चालणारा, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांनाही मुभा. सायकलला ही मुभा १९६८ च्या कायद्याने मिळाली, मात्र एका अटीवर: सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे.

“अट कायद्यात आहे, वाटेवर नाही,” भाऊजी म्हणाले आणि मनगट चोळू लागले.

तासाभराने ओढ्यावरचा एक इवलासा कमानदार दगडी पूल लागला. पूर्वी या डोंगरातून मालाचे तांडे जात. आपल्या नाणेघाटातून बैल जात, तसे इथे पाठीवर गोण्या लादलेले घोडे. पुलानंतर खडा चढ आहे. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी इथे वरच्या अंगाला राहत असे. घोडी वळणावळणाच्या लांब वाटेने चढत असताना आपल्याला सरळ वर जाता यावे म्हणून त्याने चढावर पायऱ्या खोदल्या, असे सांगतात. तीच ही ‘जेकबची शिडी’. बायबलातल्या स्वर्गाच्या शिडीचेही हेच नाव, त्यामुळे शेतकऱ्याला आयतेच पुण्य लाभले. आजही उजव्या अंगाने दगडी पायऱ्या सरळ चढतात आणि डाव्या अंगाने घोडेवाट वळसा घेत जाते. पायांची वाट वेगळी, खुरांची वेगळी. थोडे वर गेले की दोन्ही एक. मला वाटले, त्या जेकबने भांडण न करता काम भागवले होते.

शिडीच्या वर पेनाइन वे नावाची लांब पल्ल्याची पायवाट उजवीकडे किंडरच्या माथ्याकडे वळते. १९६५ साली खुली झालेली ही ४०० किलोमीटरांहून लांब वाट एडेलला सुरू होते आणि थेट स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाऊन संपते. घोडेवाट मात्र सरळ खिंडीत जाते. खिंडीत मध्ययुगातला एक दगडी क्रूस उभा आहे. तिथे भाचा आमची वाट बघत बसला होता. अंगभर चिखल, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असते तसली अदब.

डबे उघडले. ताईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता भाऊजींनी मला १९३२ सालची कथा सांगितली. त्या काळी किंडरचे हे पठार ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते. वर्षातले थोडे दिवस बडे लोक बंदुका घेऊन येत आणि उरलेले दिवस राखणदार सोटे घेऊन उभे असत. मँचेस्टरच्या कारखान्यांतल्या आणि बेकार पोरांना आपल्याच शहरातून दिसणाऱ्या डोंगरावर पाय ठेवता येत नसे. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण हेफील्डहून निघाले आणि बंदी मोडून डोंगरावर चढले. राखणदारांशी झटापट झाली. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर चालणे हा फौजदारी गुन्हा नव्हताच. म्हणून दंगलीसारखे आरोप ठेवण्यात आले आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता.

“आज आपण इथे बसलोय ते त्या पोरांमुळे,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा दाटून आला होता. “पुढे २००० साली कायदा झाला आणि असल्या मोकळ्या माळावर कुठूनही पायी हिंडायचा हक्क मिळाला. २००२ साली, सत्तराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन मात्र त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.”

भाचा मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “बाबा, रॉथमन त्या दिवशी हेफील्डला कसा आला होता?”

भाऊजी गप्प.

“मामा, स्टेशनवर पोलीस असणार म्हणून तो मँचेस्टरहून सायकल मारत आला होता.”

मला हसू आवरेना. भाऊजींनाही हे ठाऊक होते. पण घरातल्या वादात काही गोष्टी ठाऊक असून चालत नाही.

मग दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत माझ्यापुढे मांडली. भाच्याचे म्हणणे, की इंग्लंडातल्या बहुतेक डोंगरवाटा पिवळ्या बाणाच्या आहेत. कुठली वाट पिवळी आणि कुठली निळी हे पूर्वी कोण कुठून जात असे यावर ठरले. त्यामुळे मोटार जाईल अशी रुंद वाट पिवळी निघते आणि दलदलीत बुडणारी निळी. पलीकडे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला पायी चालणाऱ्याइतकाच हक्क दिला आहे. “तिथे डोंगर कोसळले नाहीत,” तो म्हणाला.

भाऊजींचे म्हणणे, की १९६८ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बास्केट लावलेली सायकल होती. डोंगरी सायकलचा खेळ त्यानंतर आठेक वर्षांनी कॅलिफोर्नियात रंगात आला. तिथे टॅमल्पाइस डोंगराजवळच्या एका उतारावर १९७६ पासून शर्यती होऊ लागल्या. ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचेच नाव ‘रिपॅक’ पडले. “असले वाहन माझ्या पाठीमागून येणार आणि मी मॉर्निंग म्हणायचे?”

“आणि ही चाके वाटा खातात,” असेही ते म्हणाले. पण इथे मला भाच्याची बाजू घ्यावी लागली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डोंगरवाटांवर प्रयोग झाले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत घोड्यांचे खूर आणि माणसांचे पाय सायकलच्या चाकांहून जास्त माती मोकळी करतात असे दिसले. शिवाय आम्ही जिच्यावरून आलो त्या पेनाइन वेचीच गोष्ट घ्या. पीट नावाच्या काळ्या, ओल्या मातीत चालणाऱ्यांच्या बुटांनी इतके खड्डे पाडले, की पुढे ठिकठिकाणी पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनींतल्या फरशा आणून वाटेवर अंथराव्या लागल्या. एकेकाळी ज्या फरशांवर कामगार उभे राहत, त्यांवरून आता लोक हवा खायला जातात!

तेव्हा वाद मातीचा नव्हे. हक्काचाही निम्माच. मला तो दचकण्याचा वाटतो. घोड्याची टाप दुरून ऐकू येते. चालणाऱ्याच्या गप्पा त्याच्या आधी पोचतात. सायकल मात्र उतारावर चालणाऱ्याच्या कित्येक पट वेगाने येते, आणि वारा उलटा असला तर येईपर्यंत कळत नाही. सायकलवाल्याला वाटते, आपण चांगले चार हात अंतर ठेवून गेलो. चालणाऱ्याचे काळीज मात्र पुढची दहा मिनिटे धडधडत असते. एकाच क्षणाची ही दोन वर्णने, आणि दोन्ही प्रामाणिक.

या देशातल्या शहाण्या माणसांनी यावर साधे तोडगे काढले आहेत. वेल्समधल्या स्नोडन शिखरावर, म्हणजेच यर विड्वावर, जाणाऱ्या घोडेवाटांवर १ मे ते ३० सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात सायकली नेऊ नयेत असा ऐच्छिक समझोता आहे. त्यामागे कायद्याचा दंडुका नाही. पहाटे आणि उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळी सायकलवाले, दिवसा चालणारे. इथे पीक डिस्ट्रिक्टमध्येही २०१४ साली रशप एज या जवळच्याच वाटेवरचे खडक बुजवून ती सपाट करायचे काम निघाले, तेव्हा चालणारे आणि सायकलवाले खांद्याला खांदा लावून विरोधाला उभे राहिले. वाट खडबडीतच हवी, यावर दोघांचे एकमत होते.

उतरताना भाऊजी आणि मी जेकबच्या पायऱ्यांवरून आणि भाचा वळशाच्या वाटेने, असे ठरले. आम्ही मध्यावर आलो तेव्हा खालून शाळेच्या मुलांचा घोळका नेमका घोडेवाटेने चढत होता. वरून भाचा येताना दिसला. भाऊजी थांबले, मनगटावर हात गेला. भाच्याने बऱ्याच वरून हाक दिली, वेग कमी केला, पाय टेकला आणि सायकल वाटेच्या कडेला घेऊन उभा राहिला. तीसेक मुले होती. प्रत्येकाच्या ‘हॅलो’ला त्याने ‘हॅलो’ म्हटले. चांगली पाच मिनिटे गेली. शेवटचा, बुटाची नाडी सुटलेला एक मुलगा रेंगाळत वर येईपर्यंत तो थांबला.

भाऊजी काही बोलले नाहीत. खाली पुलाशी तिघे एकत्र आलो, तेव्हा मला म्हणाले, “पुढच्या खेपेला येताना पुण्याहून एक जुनी पितळी घंटी घेऊन ये. याच्या सायकलला लावू.”

“बाबा, या दगडांवरून उतरताना ती आपोआपच वाजत राहील!”

“मग तर फारच उत्तम,” भाऊजी म्हणाले. स्टेशनपर्यंतचे दोन-अडीच मैल भाचा सायकल हाताने ढकलत आमच्याबरोबर चालत आला. तसे करायचे काही कारण नव्हते. ती वाट त्याच्या हक्काचीच होती.

आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर हल्ली रुंद टायरांच्या सायकली दिसू लागल्या आहेत. पहाटे फिरायला येणारी आजोबा मंडळी त्यांच्याकडे कशा नजरेने बघतात तेही मी बघतो. टेकडीवर पिवळे-निळे बाण नाहीत आणि लागतील तेव्हा लागोत. तोवर मागून येणाऱ्याने जरा आधी हाक द्यावी, पुढच्याने रागावण्याआधी मागे वळून बघावे. मागून येणारा बहुधा कुणाचा तरी भाचाच असतो.