श्रवणसत्राच्या आधीची पानं

३ ऑगस्ट
या महिन्याच्या सत्राला ॲनेट पीकॉकची ‘आय ॲम द वन’ लावणार. आरसीए कंपनी, १९७२. स्वतंत्र नावावरची तिची पहिली रेकॉर्ड. एक गाणं सोडून चाली तिच्या, आवाज तिचा. सत्र भरवणाऱ्या काकांचा मेसेज आला : ‘लोकांनी पुढच्या महिन्यात परत यायला हवं, एवढं बघ.’

४ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. तानपुरा सारखा उतरतोय.

५ ऑगस्ट
पहिलंच गाणं, शीर्षकाचं. सुरुवातीला वाद्यांचा गलका. मग ठेका बसतो. ती खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलतेच. आणि अचानक आवाज फाटतो. किंचाळी म्हणावी, तर सूर सुटलेला नाही.
तिनं गळा मूग सिंथेसायझरमधून काढलाय. यंत्र खुद्द रॉबर्ट मूगकडून मिळवलेलं. त्यात आवाज घालायची जुळणी तिची तिनं केली. तेव्हाचा मूग म्हणजे बटणं, भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी. एका वेळी एकच सूर. हवा तापली की तोही सरकणार.
आत्या स्वयंपाकघरातून : ‘गळा चांगलाय बाईचा. कोण छळतंय तिला?’

६ ऑगस्ट
डावा स्पीकर खरखरतो. का रेकॉर्डच तशी?

७ ऑगस्ट
स्पीकरच.

९ ऑगस्ट
‘लव्ह मी टेंडर’. एल्व्हिसचं, १९५६चं. तेही आरसीएचंच. घरच्या लाडक्या गाण्याला असं सोलून काढू दिलं, कंपनीची कमाल आहे. मिक रॉन्सननं १९७४मध्ये स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डवर हे गाणं घेतलं, ‘आय ॲम द वन’ही घेतलं. डेव्हिड बोवीचा गिटारवाला तो. बोवीचा पियानोवाला माइक गार्सन तर पीकॉकच्या या रेकॉर्डवर आधीच वाजवून गेलेला.
याच रेकॉर्डवरचं ‘ब्लड’ आधी पॉल ब्लेच्या पियानोवर ऐकलं होतं, साठच्या दशकातलं. चाल हिचीच. तिथं नाजूक होती. इथं हाडं दिसतात.

१० ऑगस्ट
ऑर्नेट कोलमनची ‘सायन्स फिक्शन’ ही रेकॉर्डही १९७२चीच. तिच्यात मुंबईच्या आशा पुथलीची दोन गाणी. जोडून लावू? नको. दोघींवर अन्याय.

११ ऑगस्ट
आत्यानं आज आपणहून लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. ‘यंत्राला ती सापडत नाहीये. धावतंय नुसतं मागं.’ एवढ्या दिवसांत कोणी यापेक्षा नेमकं बोललेलं नाही. सत्रात प्रस्तावना तिलाच करायला सांगितली. ‘मी नाही बाई.’

१२ ऑगस्ट
सत्र झालं. पहिल्या गाण्यालाच काही जण चहाला उठले. ‘लव्ह मी टेंडर’ला त्यातले बरेचसे दारात उभे. ‘पोनी’ हे गाणं मला अजूनही पचत नाही. बाकी रेकॉर्ड खणखणीत.
जाताना तिघांनी घरी न्यायला मागितली. देणार नाही. नव्यानं निघालेली प्रत मिळते, विकत घ्या.