नुसतं ‘छान’ म्हणू नका

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ, किनाऱ्यावरच्या काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, पुढे वाट संपते आणि सगळं पाणी गर्जत उभं आभाळात उसळतं. हीच बामणघळ. गुहागरच्या बाजूला कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला तिचा एक तरी मनाजोगा फोटो हवा असतो, आणि ती तो सहजासहजी देत नाही.

कारण पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेला सव्वाअकरा: पाणी उधाणाचं, पण ऊन डोक्यावर, फेस फोटोत पार जळून जातो. अष्टमीला सहा: उन्हं तिरपी, सोनेरी, पण भरती भांगाची, पाण्याला तो जोर नाही. दोन्ही एका दिवशी क्वचितच साधतात. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे इथे ज्याचं त्याला ठरवावं लागतं, आणि बोलण्यासारखं असतं ते त्या ठरवण्याबद्दलच.

‘छान!’ म्हटलं की हे बोलणं सुरू होण्याआधीच संपतं. फोटो काढायला एकत्र जाणाऱ्या आमच्या गटातल्या एकीने उसळत्या पाण्याचा फोटो काढला. शटर इतका जलद की थेंबन् थेंब सुटा. आम्ही सगळे हरखलो. एक काका मात्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पाणी सुरेख आलंय गो. पण घळ कुठाय? हे किती उंच उडालंय ते कळत नाही.” ती मागे सरकली, कॅमेरा उभा धरला. खाली कातळाची कड, वर पाणी. फोटोला उंची आली.

काकांनी आधी साधलेलं सांगितलं, मग उणं. आणि ते उणं पुढच्याच लाटेला भरून काढता येण्याजोगं होतं. ‘मी असा काढला असता’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं नाही.

ऐकून घेणं याहून अवघड. म्हणून आमच्यात रीत आहे: ज्याचा फोटो, त्याने शेवटी बोलायचं. वारा होता, गर्दी होती, लेन्सवर खारं पाणी उडालं, हे सगळं खरं; पण बघणाऱ्यापुढे फक्त फोटो असतो. अर्थात प्रत्येक सूचना मानायलाच हवी असं नाही. कुणाला थेंब हवेत, कुणाला शटर लांबवून पाण्याचा धूर. मला काय दाखवायचं होतं, याच्याशी सूचना ताडून बघावी.

एक प्रश्न मात्र चुकवू नये: उभा कुठे होतास? कातळ निसरडा आहे. घळीच्या ओठावर उभं राहून काढलेल्या फोटोचं कौतुक करणं म्हणजे पुढच्याला तिथे ढकलणं.

फोटोसाठी असं एकत्र येणं काही नवं नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा फोटोचा शोध जगापुढे येऊन जेमतेम 15 वर्षं झाली होती. स्वतः फोटो काढणाऱ्या डॉ. नारायण दाजींसारखी माणसं तिच्यात होती. ही विद्या चार जणांत बसून वाढते, हे इतक्या लवकर उमगलं होतं.

तेव्हा उद्या कुणी फोटो पुढे केला, तर मिनिटभर नीट बघा. जे दिसलं ते सांगा, जे दिसायला हवं होतं तेही सांगा. ज्याने एवढ्या विश्वासाने फोटो दाखवला, त्याचा तेवढा हक्क आहे.